सॅम गिलियम यांचे स्वाक्षरीचे मुद्राचित्र पारखताना

सॅम गिलियम (१९३३–२०२२) यांनी कॅनव्हास चौकटीतून सोडवून पडद्यासारखा लोंबता मांडला, आणि १९७२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात या आफ्रिकन-अमेरिकन चित्रकाराने अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. त्यांचे मर्यादित आवृत्तीचे मुद्राचित्र, म्हणजे ठरावीक संख्येतच छापून काढलेल्या मूळ कलाकृतीची प्रत, विकत घेताना बहुतेक जण आधी स्वाक्षरी पाहतात. माझ्या मते आधी कागद पाहावा.

विस्कॉन्सिनमधील मुद्रक विल्यम वीज यांच्यासोबत गिलियम यांनी छपाई, हाताने दिलेला रंग, कापून जोडलेले तुकडे आणि शिवण हे सारे एकाच कामात आणले. त्यामुळे एकाच आवृत्तीतील दोन प्रतींचे रंग जुळले नाहीत, एवढ्यावरून प्रत खोटी ठरवू नये. उलट, शिवण असायला हवी तिथे टाक्यांचे केवळ छापील चित्र दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कागद तिरप्या उजेडात धरून रंगाच्या थराची जाडी पाहावी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग लावावे. चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती बहुधा छायाचित्रावरून काढलेली प्रतिकृती असते. मात्र नुसत्या ‘ऑफसेट’ (पुस्तके छापतात तशी यंत्रछपाई) या शब्दाने बिचकू नये, कारण फिलाडेल्फियाच्या ब्रँडीवाइन कार्यशाळेत चित्रकारांनी स्वतः रेखाटलेल्या छपाईच्या प्लेटांवरून ऑफसेट यंत्रावरही मूळ मुद्राचित्रे निघाली आहेत.

त्यानंतर स्वाक्षरीकडे वळावे. ती सहसा पेन्सिलीने केलेली असते, आणि पेन्सिलीतील ग्राफाइटची चमक कागदाच्या तंतूंवर बसलेली भिंगातून ओळखू येते. १२/५० म्हणजे पन्नासांपैकी बारावी प्रत. आकडा लहान म्हणून प्रत सरस, हा दुकानदारी समज आहे. ‘ए. पी.’ म्हणजे चित्रकाराची राखीव प्रत. कार्यशाळेचा शाईविना उमटवलेला शिक्का कोपऱ्यात बोटाने नव्हे, तिरप्या उजेडाने शोधावा, आणि आवृत्तीची नोंद कार्यशाळेकडून पडताळून जुन्या खरेदीच्या पावत्या मागाव्यात.

चौकट करताना कागद पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवू देऊ नये. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून तो वरच्या कडेने टांगावा, पुठ्ठा आम्लरहित असावा. उठावाचे किंवा शिवलेले काम असेल तर काच आणि कागद यांत पुरेसे अंतर राहील अशी खोल चौकट सांगावी, आणि काच अतिनील किरण अडवणारी असली तरी उन्हाची भिंत टाळावी.