फॅट मोठ्यानं वाचायचं नाही

पहाटे सव्वापाचला दूध संस्थेच्या दारात रांग लागलेली असते. किटल्या, कॅन, एखाद्याच्या हातात नुसती प्लास्टिकची बरणी. आत एक बल्ब, वजनकाटा, फॅट काढायचं मशीन आणि टेबलामागे सेक्रेटरी. मी या रांगेत दोन आठवडे उभी राहिले, तेव्हा मला पुण्यातल्या डिझाइन कंपनीत लागून चार महिने झाले होते. गंमत म्हणजे आमच्या घरचं दूध माझ्या लहानपणापासून डेअरीला जातंय. पण घालायला जायचा तो दादा. मी त्या वेळी गोधडीत असायचे.

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की ओळखीतली मुलं-मुली फोन करतात. "ताई, डिझाइन कंपनीत नेमकं काम काय असतं? चित्र चांगलं यायला लागतं का कोडिंग?" त्यांना मी ही दुधाची गोष्ट सांगते, कारण या धंद्यातलं मला जे काही कळलं ते बहुतेक त्या रांगेत कळलं.

काम असं होतं. दूध तपासायची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला नवं मॉडेल काढायचं होतं. पूर्वी फॅट काढायचं म्हणजे काचेच्या नळीत दूध, त्यात सल्फ्युरिक ॲसिड आणि मग ती नळी यंत्रात गरगर फिरवायची. आता मशीन दुधातून अल्ट्रासाउंड लहरी सोडतं आणि मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ सांगतं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो आणि त्याखाली एकेका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, पैसे कापले जातात. म्हणजे पडद्यावरचा एक आकडा हा कुणाच्या तरी घरचा किराणा असतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटनं काय हवं ते लिहून दिलेल्या कागदात, एवढंच होतं, "आकर्षक आणि आधुनिक".

टीममध्ये आम्ही पाच जण होतो. मशीनची पेटी करणारा इंडस्ट्रियल डिझायनर, एक इलेक्ट्रॉनिक्सवाला, चिपवरचं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर लिहिणारी एक मुलगी, लोकांशी बोलून नोंदी करणारा रिसर्चर, आणि पडदा-अक्षरं-पावती बघणारी मी. अप्लाइड आर्ट करून आलेली, रंगांवर फार जीव. एसीत बसून मी फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर टचस्क्रीनचं डिझाइन केलं. फॅटसाठी हिरवी पट्टी, कमी असेल तर केशरी, वर गाय आणि म्हैस यांची सुबक चित्रं. ऑफिसात सगळ्यांनी वा वा केली. फक्त इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला, "तिथे हात ओले असतात." मी हसून पुढची स्लाइड दाखवली.

गावात पहिल्याच सकाळी त्याचं म्हणणं खरं ठरलं. आपल्या फोनसारखा टचस्क्रीन बोटामुळे विजेच्या भारात होणारा बदल ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल करतो. सेक्रेटरीचा हात दिवसातून शंभरदा कॅनला लागतो, दुधाची साय बोटावर असते. त्यानं ‘म्हैस’ दाबलं की ‘गाय’ लागायचं, आणि दोन्हींचे दर वेगळे. आठवडाभरात टचस्क्रीन गेला आणि उंचवट्याची बटणं असलेला साधा मेम्ब्रेन कीपॅड आला. पाचावर एक टिंब, म्हणजे न बघता बोट लागतं. माझ्या पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या कामांच्या संग्रहात, ते कधीच छान दिसणार नव्हतं, आणि मी दोन दिवस रुसले होते हेही सांगून टाकते.

चित्रांचं तर विचारूच नका. रांगेतल्या एका मावशींनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "पोरी, ही म्हस हाय का रेडा?" अख्खी रांग हसली. शिंगं मी इंटरनेटवरच्या कुठल्या तरी परदेशी जनावराची काढली होती. हिरव्या पट्टीचंही तेच. "पट्टी कशाला? आकडा मोठा कर." त्यांचं डोकं दर पॉइंटमध्ये चालतं आणि मी त्यांना रंग शिकवायला निघाले होते.

मग आकडे मोठे केले. मोठे म्हणजे सेव्हन-सेगमेंट, सात रेघांतून बनणारे, वजनकाट्यावर असतात तसले लाल. त्यात दशांशचिन्ह इतकं बारीक असतं की चार फुटांवरून ३.५ हा ३५ दिसतो. आम्ही टिंबानंतरचा आकडा उंचीनं लहान घेतला. लहान आकडा म्हणजे पॉइंटच्या पुढचा, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ही कल्पना माझी नव्हती, फर्मवेअरवालीची होती. चित्रकलेचा आणि तिचा शाळेनंतर संबंध आला नव्हता. कल्पना फक्त ‘क्रिएटिव्ह’ टेबलावरून येतात हा समज माझा तिथे गेला. आणखी एक पडदा शेतकऱ्याच्या बाजूला तोंड करून लावला, कारण जुन्या मशीनचा एकमेव पडदा सेक्रेटरीकडे असायचा आणि बाकीच्यांना तो वाचून दाखवील तेच खरं मानावं लागायचं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं, मशीन बोललं तर? दुकानांमध्ये यूपीआयचे पैसे आले की ती छोटी पेटी मराठीत रक्कम सांगते ना, तसं. कल्पना सगळ्यांना आवडली. वाचता न येणाऱ्यांचीही सोय होणार होती. आवाज रेकॉर्ड केला, स्पीकर बसवला, मशीन गावात नेलं. पहिले सात-आठ जण खूश. मग एका माणसाचं दूध आलं आणि मशीन खणखणीत आवाजात म्हणालं, "फॅट, दोन पूर्णांक नऊ." रांगेतली सगळी डोकी वळली. त्याच्या गाईचा चारा बदलला असेल, गाय नुकती व्यायली असेल, काहीही असेल. पण गावात कमी फॅटचा अर्थ एकच काढतात, पाणी घातलं. तो माणूस काही बोलला नाही. किटली घेऊन मान खाली घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं दूध घालायला मुलाला पाठवलं.

स्पीकर त्याच संध्याकाळी काढला. वडापावच्या गाडीवर ती पेटी चालते, कारण पैसे आल्याचं सगळ्यांनी ऐकावं असं गाडीवाल्याला वाटतं. हात तेलात असतात, फोन बघायला सवड नसते, खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यालाही जरब बसते. तंत्र तेच. पण इथे तो आकडा त्या माणसाचा स्वतःचा होता, आणि तो गावाला सांगायचा अधिकार आम्हाला कुणी दिला नव्हता. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मात्र स्पीकर काढून सुटला नाही. शेवटी सेक्रेटरीला हळू आवाजात सांगता यावं म्हणून शेतकऱ्याकडचा पडदा टेबलाच्या कोपऱ्यात, दोघांनाच दिसेल असा वळवून बसवला. अर्धामुर्धा तोडगा आहे, मला माहीत आहे.

पावतीवर मात्र मला माझं शिक्षण उपयोगी पडलं. पावतीचा थर्मल कागद, म्हणजे उष्णतेनं अक्षर उमटतं तो, ५८ मिलिमीटर रुंद. त्यातल्या ४८ मिलिमीटरवर छापता येतं, तिथे आडवे ३८४ ठिपके, म्हणजे एका मिलिमीटरला आठ. इंग्रजी अक्षर २४ ठिपक्यांच्या उंचीत आरामात बसतं. देवनागरीला मात्र त्याच उंचीत वर वेलांटी आणि अनुस्वार, मग शिरोरेघ, मग अक्षर आणि खाली उकार. सगळ्यांचा मिळून गोळा होतो. त्यात चिप छोटी. आपल्या फोनमध्ये अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर असतं. टाइप करताना ‘ल’नंतर वेलांटी दिली तरी ती दिसते ‘ल’च्या आधी. आमच्या चिपमध्ये ते नव्हतं. पहिल्या पावतीवर ‘लिटर’ची वेलांटी ‘ट’च्या डोक्यावर गेली होती, ‘म्हैस’मधला ‘म’ पाय मोडून पडला होता आणि ‘कऱ्हाडे’ आडनावाच्या सभासदाचं ‘कर्हाडे’ झालं होतं. त्यांनी पावती परत केली. "हे माझं न्हवं."

फर्मवेअरवाली म्हणाली, मेमरी पुरणार नाही, इंग्रजीत छापू. मी म्हणाले, मग पावती कशाला छापायची? दोन दिवस भांडलो. नंतर दोघींनी वही घेऊन मोजलं, की पावतीवर कायमचे शब्द किती? चाळीसच्या आत. ते शब्द मी ठिपक्या-ठिपक्यानं हातानं काढले, ३२ ठिपके उंच, आणि ते चिपमध्ये चित्र म्हणून बसवले. सभासदांची नावं संस्थेच्या कॉम्प्युटरवर अक्षरं नीट जुळवून, त्यांचंही चित्र करून मशीनला पाठवायची. तिला अक्षरं जुळवायचं सॉफ्टवेअर लिहावं लागलं नाही आणि मला इंग्रजी छापावं लागलं नाही.

या कामानंतर मी र. कृ. जोशींचं काम पुन्हा बघितलं. कॉलेजात ते आम्हाला सुलेखनकार आणि कवी म्हणून माहीत होते. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फॉन्ट वापरला तो त्यांचा. हातात बोरू असलेला माणूस प्रोग्रामरांच्या शेजारी बसला म्हणून ते झालं. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ फॉन्ट तर फुकट उतरवून घेता येतात. मोठे करून बघा, मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ कुठे मिळतो, ‘ऱ्य’ कसा जुळतो. देवनागरीची अशी जाण असलेला माणूस आमच्या धंद्यात अजूनही पटकन सापडत नाही. मराठी माध्यमातून आलो म्हणून खांदे पाडून बसणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक वस्तू नव्या मुलांना बघायला सांगते, मतदान यंत्र. त्याचं डिझाइन आयआयटी मुंबईच्या आयडीसीत झालं. आयडीसी म्हणजे तिथलं डिझाइन शिकवणारं केंद्र, १९६९चं. एका युनिटवर १६ ओळी, प्रत्येकीपुढे चिन्ह, निळं बटण, लाल दिवा, शेजारी ब्रेलमधला आकडा. दाबलं की लांब बीप. वीज नसलेल्या गावात बॅटरीवर चालतं. माझ्या आजीला अंगठ्याशिवाय सही येत नव्हती, तिला ते कुणी दोनदा शिकवलं नाही. शिवाय त्याचा आवाज ‘मत झालं’ एवढंच सांगतो, कुणाला झालं ते सांगत नाही. स्पीकर लावायच्या आधी हे मला आठवलं असतं तर बरं झालं असतं.

आत यायच्या वाटा थोडक्यात. बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड, दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, वेगळी परीक्षा. आपल्याकडच्या अप्लाइड आर्टला राज्याची सीईटी. इंजिनिअरिंग करून आलेलेही बरेच भेटतील. परीक्षेत हातानं काढायला लावतात, पण चित्र सुंदर असण्यापेक्षा तुम्हाला काय दिसलं हे त्यात बघतात. कोडिंग लिहायला यायलाच हवं असं नाही. पण "ही चिप काय करू शकत नाही?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारता यायला हवा. मी तो चौथ्या महिन्यात विचारला.

पोर्टफोलिओबद्दल माझं मत जरा तिखट आहे. आता मी मुलाखतींना बसते, आणि दहातल्या आठ जणांनी जेवण मागवायच्या त्याच एका ॲपला नवे कपडे चढवलेले असतात. एआयची साधनं मिनिटात असे दहा पडदे काढून देतात, आणि ते दहाही माझ्या त्या पहिल्या हिरव्या पट्टीसारखेच दिसतात. त्यापेक्षा एसटी स्टँडवर दोन दिवस बसा. रेशन दुकानात म्हाताऱ्यांचा अंगठा मशीनवर का उमटत नाही ते बघा, तेव्हा दुकानदार काय करतो तेही बघा. तीन कामं पुरेत, त्यात फसलेलंही दाखवा. माझ्या पोर्टफोलिओत ती रेडा-म्हैस पहिल्या पानावर आहे.

लोकांना विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. "आवडलं का?" विचारलंत तर गावात कुणीही "चांगलं हाय की" म्हणणार. पाहुण्याला वाईट कोण सांगेल? आम्ही नंतर फक्त एवढंच विचारायला लागलो, "आज तुमचं किती झालं?" आणि माणसाची नजर आधी कुठे जाते ते बघायचो.

बाकी कटकटी कुठल्याही नोकरीत असतात तशा. सुरुवातीचा पगार बेताचा. क्लायंटला लोगो मोठा हवा असतो. शुक्रवारी मंजूर झालेलं सोमवारी नामंजूर होतं. सवय होते.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. आमच्या संस्थेत आता तेच मशीन आहे. थर्मल पावती चुलीजवळ काळी पडते म्हणून आम्ही प्रत्येक पावतीवर दहा दिवसांच्या बिलाची चालू बेरीज छापली होती, म्हणजे शेवटची एक जपली तरी हिशोब राहतो. आई तेवढी एकच पावती देव्हाऱ्यात ठेवते, बाकीच्या टाकते. दादानं मात्र खिशातून घडी घातलेली पावती काढून हातभर लांब धरली. "अक्षरं मोठी केलीस ते झॅक. पण ही पावती हाय का सातबारा? खिशात मावत न्हाई."

वहीत लिहून आणलंय. सोमवारी फर्मवेअरवालीबरोबर बसायचं आहे.