'नवी प्रजाती' सापडली? आधी जोडीदार शोधा

पीएचडीच्या पहिल्याच वर्षी मला 'नवी प्रजाती' सापडली. कच्छमधल्या हरुडीच्या इओसीन या प्राचीन भूवैज्ञानिक काळातल्या थरांतले न्युम्युलाइट (एकपेशीय सागरी जीवांची चपटी, गोल जीवाश्म कवचं), मसुरीएवढे, मधला पहिला कप्पा चांगला टपोरा. त्याच पट्ट्यात नाण्याएवढेही होते, पण त्यांचा पहिला कप्पा सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा शोधावा लागे. मी घरी फोन करून सांगूनही टाकलं.

मॅडमनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "दोन्ही एकत्रच सापडतात ना रे?" तिथेच माझी प्रजाती गेली. न्युम्युलाइट ज्या गटात येतात त्या फोरामिनिफेरांत (थोडक्यात फोरॅम्स) एकाच प्रजातीच्या दोन पिढ्या वेगळ्या दिसतात: अलैंगिक प्रजननातून आलेली चणीने लहान पण मोठ्या कप्प्याची, लैंगिक प्रजननातून आलेली मोठी पण इवल्या कप्प्याची. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं! पूर्वीच्या लोकांनी अशा जोड्यांना दोन-दोन नावं दिली, तेव्हा चुकणारा मी पहिला नाही.

म्हणून एका सुंदर नमुन्यावर भाळू नका. चाळीस-पन्नास फोडा. न्युम्युलाइट तापवून थंड पाण्यात टाकला की बरोबर मधोमध दुभंगतो. हात बसेपर्यंत बरेच वाया जातात. वेढे मोजा, पहिल्या कप्प्याचा व्यास मोजा, एकाच पिढीचे आकडे आलेखावर मांडा. दोन ढीग स्पष्ट वेगळे पडले नाहीत तर विषय संपला.

बारीक फोरॅम्सचं दुखणं वेगळं. ६३ मायक्रॉनच्या चाळणीत आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच अडकून राहतं आणि भलत्याच काळाचा पाहुणा तुमच्या थरात उगवतो. प्रत्येक धुण्याआधी चाळणी मेथिलीन ब्ल्यूमध्ये बुडवा. निळं दिसलं ते जुनं.

मग वाचन. फोरॅम्सच्या प्रजातींची नोंद ठेवणारा एलिस-मेसिना कॅटलॉग १९४० पासूनचा आहे, आणि माझे महिने त्यातच गेले. नाव ठेवणं त्यामानाने सोपं: त्याच वंशात ते आधी वापरलेलं नको, विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाशी जुळायला हवं. होलोटाइप (ज्यावर प्रजातीचं नाव आधारलेलं असतं तो नमुना) मात्र क्रमांकासह संग्रहालयात द्यायचा, आपल्या ड्रॉवरमध्ये नाही. नॅनोफॉसिलवाल्यांनी (म्हणजे अतिसूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्यांनी) लक्षात ठेवावं, त्यांना वनस्पतींची नियमावली लागू होते.

सध्या माझ्याकडे खरोखर वेगळं वाटणारं एक फोरॅम आहे. नमुने अकरा. स्लाइडवर अजून 'प्रजाती अ' एवढंच लिहिलंय, आणि घरी फोन केलेला नाही.