रिकाम्या पुळणीचा फोटो: आधी तिथी, मग कॅमेरा

हिवाळ्यातल्या एखाद्या आडवारी, सूर्य बुडून गेल्यावर गुहागरच्या पुळणीवर उभे राहिले की मनाला जे जाणवते, ते फोटोत सहसा येत नाही. नजर पोहोचेल तिथवर वाळू, मागे सुरूचे बन, आसपास एकही माणूस नाही, आणि घरी येऊन पाहावे तर हाती लागतात फक्त तीन आडवे पट्टे: वर आकाश, मध्ये पाणी, खाली वाळू. याचे कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसते. रिकामा किनारा म्हणजे ज्यावर काहीच नाही असा किनारा नव्हे. तिथून काहीतरी नुकतेच निघून गेलेले असते. पाणी ओसरलेले असते, माणसे परतलेली असतात, उजेड सरत आलेला असतो. हे निघून जाणे ज्या चित्रात दिसते, त्याच चित्रात भाव उतरतो. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते सगळे या ओसरण्याला गाठण्याविषयी आहे, आणि त्याची सुरुवात पंचांगापासून होते.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती; पौर्णिमेला आणि अमावास्येला ती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि हे चक्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज आहे, नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेतच. पण फोटो काढणाऱ्यासाठी या अंदाजात मोठी सोय दडलेली आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत मागेही जाते, आणि हे मागे जाणे नेमके सूर्यास्ताच्या आगेमागे होते. अशा संध्याकाळी ओल्या वाळूचा भलामोठा पट्टा उघडा पडतो आणि त्यात आकाश उतरते. याउलट अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते. संध्याकाळी पाणी बऱ्यापैकी वर आलेले असते, वाळूची कोरडी, पावलांनी तुडवलेली पट्टी तेवढी उरते. तेव्हाही चित्र मिळते, पण ते कोंडल्यासारख्या भावाचे, पाणी बनाच्या दिशेने चालून येत असल्याचे मिळते. मोकळेपण हवे असेल तर अष्टमीला जाऊ नये, आणि घुसमट हवी असेल तर पौर्णिमेला जाण्यात अर्थ नाही.

संध्याकाळपेक्षा पहाट मला अधिक मोलाची वाटते, आणि तेही तिथीमुळेच. पौर्णिमा-अमावास्येला मध्यरात्रीच्या सुमारास भरती होऊन गेलेली असते. तिने आदल्या दिवसाची सगळी पावले, गाड्यांचे वण आणि पोरांनी बांधलेले किल्ले पुसून टाकलेले असतात, आणि उजाडेपर्यंत पाणी पुन्हा मागे गेलेले असते. त्या वाळूवर तुम्ही पहिले असता. शिवाय आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे पौर्णिमेच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या पहाटे पूर्ण चंद्र समुद्रात मावळताना दिसतो. आकाश निरभ्र असेल तर सूर्योदयाच्या थोडे आधी पाण्यालगत एक करडा-निळा पट्टा आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा उमटतो. खालचा निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीचीच सावली असते. सूर्य पाठीमागच्या डोंगरावर आणि झाडांवर येईपर्यंत किनारा मऊ सावलीत राहतो. मावळतीच्या केशरी गोळ्यापेक्षा हा उजेड कितीतरी जास्त बोलतो, असे माझे मत आहे.

संध्याकाळीच जायचे असेल तर सूर्य पाण्यात गेल्यावर कॅमेरा बॅगेत टाकू नये. खरे काम तेव्हाच सुरू होते. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर सरतो. सूर्यास्तानंतरची साधारण वीस-पंचवीस मिनिटे कामाची असतात. तेवढ्यात गर्दी पांगते, आकाश आणि वाळू यांच्यातला उजेडाचा फरकही कमी होतो. हा फरक जुना त्रास आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून एकच चित्र छापले होते, कारण त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला इतक्या संवेदनशील होत्या की आकाश पांढरेफटक होऊन जाई. आज दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेऊन काढलेले, फोटो जोडता येतात. परंतु ओहोटीच्या ओल्या वाळूत आकाशच परावर्तित होत असल्याने बऱ्याचदा त्याची गरजही पडत नाही.

आता शटरविषयी, म्हणजे ते किती वेळ उघडे ठेवायचे याविषयी, कारण समुद्राचा भाव सर्वांत जास्त बदलतो तो इथे. एक पंचशतांश सेकंदाला लाट काचेसारखी गोठते आणि चित्रात जोर, धाक येतो. पावसाळ्यातल्या खवळलेल्या पाण्याला हे साजते. तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सगळ्या लाटा एकमेकींत विरतात आणि धुके पसरल्यासारखे दिसते. हा परिणाम पहिल्यांदा पाहणाऱ्याला भुरळ घालतो, पण त्यात समुद्र समुद्र राहत नाही, म्हणून तो जपूनच वापरावा. या दोहोंच्या मध्ये, अर्धा सेकंद ते दोन सेकंद, ही खरी जागा आहे. लाट फुटून वर येते, क्षणभर थबकते आणि परतू लागते. ती परतू लागली की शटर दाबावे, म्हणजे फेसाच्या रेघा समुद्राकडे ओढल्या गेलेल्या दिसतात. वर येणाऱ्या लाटेच्या वेळी दाबले तर फक्त पांढरा गोळा मिळतो. एकाच जागी उभे राहून वीस-पंचवीस लाटा घ्याव्यात, त्यांतली एखादी नीट उतरते. उजेड जास्त असल्यास एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावावा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे: सहा स्टॉपचा फिल्टर वेळ चौसष्टपट करतो, दहा स्टॉपचा साधारण हजारपट, म्हणजे एक तीसांश सेकंदाचे तीस-पस्तीस सेकंद होतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ/८ ते एफ/११ एवढे पुरते. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर बांधून घ्यावे आणि मग उजेड थोडा खाली ओढावा.

उजेड खाली ओढण्याचे कारण असे की कॅमेऱ्याला तिन्हीसांज कळत नाही. तो तिला दुपार करायला बघतो. तेव्हा एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे. उलट धुक्याच्या सकाळी तोच कॅमेरा पांढऱ्याला मळकट करतो, तिथे तेवढेच वाढवावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा जुळवण्याची सोय, ऑटोवर मुळीच ठेवू नये, कारण ज्या निळसरपणासाठी आपण थांबलो, तोच तो पुसून टाकतो. डेलाइटवर बांधून ठेवावा आणि शक्यतो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्यावी.

चौकटीत काय ठेवायचे हा प्रश्न उरतो. निव्वळ रिकामी जागा डोळ्याला रिकामी वाटत नाही, त्याला मापाला काहीतरी लागते, आणि ते एकच असावे. ओहोटीला वर राहिलेली होडी, वाळूत रोवलेला खुंटा आणि त्याला बांधलेला, पाण्याच्या दिशेने ताणलेला दोर, लाटेने आणून टाकलेली नारळाची झावळी, यांपैकी एक पुरे. एकदा गुडघ्यावर बसून ओल्या वाळूकडे जवळून पाहावे: लहान खेकड्यांनी बिळाभोवती काढलेल्या मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या चांदण्यांसारख्या किरणांनी पसरलेल्या असतात, आणि पुढची भरती आली की त्या नाहीशा होतात. अशा खुणेला चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ठेवून वरचा सगळा भाग मोकळा सोडला तर किनाऱ्याचे मोठेपण आपोआप कळते. फार रुंद लेन्स इथे घात करते. ती पायाखालची वाळू फुगवते आणि क्षितिज दूर ढकलते. पस्तीस ते पन्नास मिलिमीटर मला पुरेशी वाटते. क्षितिज मात्र काटेकोर सरळ हवे. समुद्र एका बाजूला कललेला दिसला की पाहणाऱ्याचे लक्ष त्या कलण्यातच अडकते.

आपल्या पावलांचा विचार आधीच करावा. पुळणीवर उतरताना कोरड्या वाळूच्या कडेने, बनालगत चालत जावे आणि जिकडे कॅमेरा रोखायचा आहे त्या बाजूला शेवटपर्यंत जाऊ नये. वेळाससारख्या किनाऱ्यावर कासवांच्या विणीच्या हंगामात रात्री-पहाटे फ्लॅश किंवा टॉर्च वापरू नये, कारण उजेडाने पिल्लांची समुद्राकडची वाट चुकते.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि आकाश दिवसभर शिशाच्या रंगाचे असते. रत्नागिरीच्या मांडवीसारखी काळी वाळू या दिवसांत कृष्णधवल चित्रात विलक्षण खुलते. पण पावसाळ्यात फोटो पुळणीच्या वरच्या अंगानेच काढावेत, ओल्या कातळावर चढू नये, आणि कोणत्याही ऋतूत व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून समुद्राकडे पाठ करू नये.

खाऱ्या वाऱ्याचा त्रास वेगळाच. एकदा मालवणजवळ दोन तास मनासारखा उजेड मिळाला, आणि रात्री पाहिले तर जवळजवळ प्रत्येक फोटोवर पातळ दुधी पडदा होता. लेन्सवर तुषार बसत गेले होते आणि मी एकदाही पुसून पाहिले नव्हते. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी लेन्स उजेडासमोर धरून बघतो. थेंब दिसले तर आधी फुंकणीने वाळूचे कण उडवावेत, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने मीठ टिपून घ्यावे आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसावे. कोरडेच घासले तर काचेवर चरे पडतात. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेला तर लेन्सवर वाफ धरते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी तो बंद बॅगेतच बाहेर ठेवावा. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवावेत, एक लाट त्यांच्यावरून जाऊ द्यावी, ते बसले की मगच चौकट लावावी. खालचा सांधा पाण्याच्या वर राहील एवढा सर्वांत खालचा भाग बाहेर काढलेला असावा. परत आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, सगळे सांधे उघडून, रात्रभर सावलीत उभे करावेत.