खुब्याचं ऑपरेशन झालं, आता धारा कधी काढायच्या?

पहिलं एक डोक्यात पक्कं बसवा, खुबा बदलल्यावर दुखणं लवकर जातं पण पाय उशिरा तयार होतो. माझं एव्हीएन होतं, म्हणजे खुब्यातल्या बॉलचा रक्तपुरवठा बंद पडून तो खचलेला, दोन वर्षं डावा पाय ओढत जनावरं सांभाळली. ऑपरेशननंतर ते जुनं ठणकणं आठवड्याभरात गेलं आणि पाचव्या आठवड्यात वाटायला लागलं की आता काय, चला गोठ्यात. इथंच माणूस फसतो. बिनसिमेंटचा, म्हणजे हाडाला सिमेंटनं न चिकटवलेला, सांधा असेल तर हाडाला तो धातू नीट धरायला ६ ते १२ आठवडे लागतात, आणि कमरेचे स्नायू तर दुखण्याच्या काळातच वाळून गेलेले असतात, ते काय नवीन बॉल बसवला म्हणून लगेच भरत नाहीत.

डिस्चार्जच्या आधी सर्जनला तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: मागून उघडलंय की पुढून, सिमेंटचा आहे की बिनसिमेंटचा, आणि पायावर वजन किती टाकायचं. कारण शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी झालेलं असतं आणि तो येऊन सांगतो मी तर पंधरा दिवसात मांडी घातली, त्याचं पुढून केलेलं असेल, त्याचे नियम तुम्हाला लागू नाहीत.

मागून केलेलं असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे तीन गोष्टी बंद. गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, पायावर पाय टाकायचा नाही, आणि पाऊल आत वळवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं पण आपल्या घरात सगळंच जमिनीवर असतं ना! पाट बंद, चटई बंद, उकिडवं बसणं तर अजिबात बंद. दोरीची बाज पण नको, तिला झोळ पडतो आणि कंबर खाली जाते, मऊ सोफ्याचं तेच. कडक खाट घ्या आणि ठेंगणी असली तर खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे घाला. खुर्ची हाताची पाहिजे. संडास भारतीय असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, नंतर पळापळ होते. झोपताना दोन पायांच्या मधी उशी. आणि भेटायला वडीलधारं कुणी आलं की सवयीनं वाकून पाया पडायला जातो आपण, मी दोनदा अर्ध्यात थांबलोय, उभ्यानं हात जोडा, कुणी रागवत नाही.

घोटे वर-खाली हलवत राहा दिवसभर, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. त्याचसाठी रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन दिलेलं असतं, ते बऱ्याचदा महिनाभर किंवा थोडं जास्त चालतं, बरं वाटलं म्हणून मधीच सोडू नका. पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. जखमेतून पाणी किंवा पू येतोय, ताप आहे, तरी दाखवा. एकदम कळ येऊन पाय आखूड झाला किंवा वळला तर सांधा निखळलाय असं समजा, आणि कृपा करून हाडवैद्याकडं ओढायला नेऊ नका.

व्यायाम कंटाळवाणे आहेत पण पुढचं सगळं काम त्यावरच आहे. पडल्या पडल्या ढुंगण आवळून सोडायचं, मांडी कडक करायची, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा (नियमात बसेल तेवढाच). पुढं फिजिओनं सांगितलं की ओट्याला धरून पाय बाजूला उचलायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा, लंगडणं यानंच जातं. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची, बरेच जण उलटी धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी कधी सोडायची ते असं ठरवा, पोराला मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावा, कंबर एका बाजूला झुकत असेल तर अजून नाही.

आता कामाचं. सहा आठवड्यांच्या आसपास एक्स-रे होतो, तो चांगला आला तर बसून करायची कामं, डेअरीचा हिशोब, दूध घालायला कुणाच्या चारचाकीतून किंवा रिक्षातून जाणं वगैरे. मोटरसायकलला पाय टांगून बसायची घाई नको. ट्रॅक्टरची पायरी उंच असते, त्यात माझा डावा म्हणजे क्लचचा पाय, मी तीन महिने झाल्यावर सर्जनला विचारूनच चढलो.

धार काढणं हा माझा खरा प्रश्न होता. लोक म्हणाले उंच स्टूल घे, पण कास खालीच असते, स्टुलावरून पुढं वाकलं की खुबा तेवढाच मुडपतो, फायदा काय? शेवटी मिल्किंग मशीन घेतली आणि सडाला कप लावायचं काम पोराकडं दिलं. गोठ्यात शेणमुतावर पाय घसरतो, रबरी मॅट टाका, आणि लाथ मारणाऱ्या म्हशीपासून लांब राहा, हे हसण्यावारी नेऊ नका.

वजनाचं बघा, युरियाची गोण ४५ किलो, सिमेंटचं पोतं ५०. हे उचलणं रोजचं असेल तर सर्जनशी स्पष्ट बोला, बरेचसे नाहीच म्हणतात. मी गोण फोडून बादलीनं नेतो, वेळ जातो, जाऊ दे. पाठीवरचा १६ लिटरचा पंप म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो आणि खाली चिखल, त्यापेक्षा एचटीपी, म्हणजे खाली ठेवून चालवायचा जास्त दाबाचा पंप, लावून पाइपनं फवारा. वैरण डोक्यावर नाही, हातगाड्यावर. खाली पडलेलं काही उचलायचं तर एका हातानं खांबाला धरून ऑपरेशनचा पाय सरळ मागं सोडायचा. सुरुवात रोज अर्ध्या तासानं करा, संध्याकाळी थोडं दुखणारच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पण लंगडत असाल तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्म्यावर या.

तारीख तुमच्या हातात असेल तर ऊस तोडणीच्या तोंडावर ऑपरेशन घेऊ नका, तीन महिने आधी मोजा आणि मग ठरवा.

आणि सगळे विचारतात ते, उकिडवं कधी बसायचं? मला सर्जननं सांगितलं की जमलं तरी सवय करू नको. खुरपणीला बाया लावतो, मी बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो, आणि त्या मला रोज चिडवतात.