घरातलं माणूस गेल्यावर पुन्हा अभ्यासाला बसताना

घरात नुकतंच कोणी गेलंय आणि कोर्स किंवा परीक्षा अर्धवट लटकलीये, अशांसाठी हे लिहितेय. बाबा गेले तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. जो भेटेल तो म्हणायचा, आता खंबीर हो. पण म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात आधी, डोकं चालत नाहीये म्हणून घाबरू नका. तेच पान परत परत वाचलं तरी काही शिरत नाही, काल केलेलं आज आठवत नाही, रात्री झोप नाही. दुःखात लक्ष आणि स्मरणशक्ती दोन्हीवर परिणाम होतो, तुमची हुशारी कुठे गेलेली नसते. मी त्या काळात नवीन धडे सरळ बाजूला ठेवले आणि येत असलेलीच गणितं परत सोडवत बसायचे, वीस मिनिटांचा टायमर लावून, वहीत हाताने, कारण नुसतं वाचताना मन भरकटतं आणि पेन चालू असलं की थोडं तरी जागेवर राहतं. टायमर वाजला की उठायचं, जमलेलं असो वा नसो.

दुःखाचे पाच टप्पे ओळीने येतात असं ऐकून आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून घेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. मला १९९९ मधली स्ट्रोब आणि शूट या शोकाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांची मांडणी जास्त पटली, माणूस कधी दुःखाकडे तर कधी रोजच्या कामाकडे असा ये-जा करतो आणि त्यातूनच सावरतो. म्हणजे दुपारी रडलात आणि संध्याकाळी मन लावून अभ्यास झाला, तर त्यात बाबांना विसरल्यासारखं काही नाही.

कॉलेजात किंवा ऑफिसात एका तरी माणसाला स्पष्ट सांगा, आणि लेखी सांगा. "अडचण आहे" एवढंच नको, "सबमिशनला अमुक तारखेपर्यंत मुदत हवी" असं.

"आता त्यांचं स्वप्न पूर्ण कर" हे लोक प्रेमानेच म्हणतात, पण ते ओझं लगेच उचलू नका. १९०६ मध्ये पिएर क्युरी अपघातात गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी मेरी क्युरींनी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात त्यांची लेक्चर्स पुढे चालू केली, १९११ मध्ये दुसरं नोबेलही मिळालं. पण ते संशोधन मुळात त्यांचं स्वतःचंही होतं ना! तुमचं काय आहे ते कळायला वेळ लागू दे, मला तर ते काम करता करताच सापडलं.

रिझल्ट लागला की पहिला फोन कोणाला करायचा हे मात्र आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी फार पोकळी जाणवते.

आणि सहा महिने उलटून गेले तरी रोजचं काहीच जमत नसेल तर काउन्सेलर किंवा डॉक्टरांना भेटा, लांबलेल्या शोकाला आता वैद्यकीय निदान आहे आणि त्यावर उपचारही आहेत. जगणंच नकोसं वाटायला लागलं तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नका.