न्यूजडेस्कवर एआय वापरताय? मग नोटीस यायच्या आधी एवढं करून ठेवा

मागे आमच्या डेस्कवर कोर्टाच्या बातमीची एक कॉपी आली. रिपोर्टरला घाई होती, त्याने इंग्रजी आदेशाची पीडीएफ चॅटबॉटला दिली, मराठीत सारांश मागितला आणि जे आलं ते जवळपास तसंच पाठवून दिलं. हेडिंग होतं "निर्दोष सुटका". मी सवयीने मूळ आदेश उघडला तर त्या माणसाला नुसता जामीन मिळालेला, खटला अजून उभाही राहिला नव्हता. इंग्रजीत "रिलीज्ड" असा शब्द होता, मशिनने त्याची थेट सुटका करून टाकली. पान सुटायला वीस मिनिटं होती म्हणून वाचलो.

आता हेच उलट दिशेने झालं असतं तर? म्हणजे "गुन्हा दाखल" चं "गुन्हा सिद्ध" झालं असतं, किंवा "चौकशीला बोलावलं" चं "अटक" झालं असतं? तर सरळ अब्रूनुकसानीची केस. आणि तिथे "हे एआयने लिहिलं होतं" हे सांगून काही उपयोग नसतो, कारण बातमी मशिनने छापलेली नसते, तुम्ही छापलेली असते.

म्हणून पहिला नियम, आणि बाकी काही नाही पाळलं तरी हा पाळा: ज्या वाक्यात माणसाचं नाव आणि आरोप एकत्र येतात ते वाक्य मूळ कागदावरून स्वतः ताडायचं. आदेश, एफआयआर, प्रेसनोट, रेकॉर्डिंग, जे असेल ते. दुसऱ्या चॅटबॉटला विचारणं म्हणजे ताडणं नव्हे. "कथित", "आरोप आहे की", "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" हे शब्द सारांशात सगळ्यात आधी गळतात, कारण टूलला ते फालतू वाटतात आणि वकिलाला तेच हवे असतात. मोबाईलवर जाणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये तर जास्तच. 2024 च्या डिसेंबरमध्ये ॲपलच्या फोनवरच्या एआय सारांशाने बीबीसीच्या नावाखाली असं दाखवलं की खुनाचा आरोप असलेल्या लुइजी मॅन्जिओनेने स्वतःवर गोळी झाडून घेतली. बीबीसीने असं काही लिहिलंच नव्हतं. त्यांनी तक्रार केली आणि 2025 च्या जानेवारीत ॲपलने बातम्यांचे ते सारांश थांबवले.

एक केस मात्र प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत मार्क वॉल्टर्स नावाच्या रेडिओ होस्टबद्दल चॅटजीपीटीने एका पत्रकाराला सांगितलं की त्याच्यावर पैशाच्या अफरातफरीचा दावा दाखल झालाय. तसा दावा नव्हताच. पत्रकाराने शहानिशा केली, खोटं निघालं, त्याने छापलं नाही. वॉल्टर्सने 2023 मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर केस केली आणि 2025 च्या मे महिन्यात कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. एक मुद्दा हाच होता की ज्याच्यासमोर तो मजकूर आला त्याने स्वतःच त्यावर विश्वास ठेवला नव्हता, शिवाय कंपनी वापरणाऱ्यांना चुका होऊ शकतात म्हणून आधीच सांगत होती. आता विचार करा, त्या पत्रकाराने छापलं असतं तर? कंपनीकडे इशाऱ्याची पाटी होती, त्याच्याकडे काय होतं?

कोट्सबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे लोक फार सैल असतात. "भाषा जरा नीट कर" म्हणून मुलाखत टाकली की टूल माणसाच्या तोंडी नवीन वाक्य घालतं, आणि ते इतकं बेमालूम असतं की तुम्हालाच वाटतं तो असं बोलला होता. अवतरण चिन्हातला मजकूर टूलला द्यायचाच नाही, दिला तर रेकॉर्डिंग लावून परत शब्द न् शब्द ऐकायचं. मुद्दाम केलेल्याची तर गोष्टच सोडा. 2023 च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या "डी आक्टुएले" या साप्ताहिकाने फॉर्म्युला वन रेसर मायकल शूमाकरची "मुलाखत" कव्हरवर छापली, ती एआयने बनवलेली होती. संपादकाची नोकरी गेली, प्रकाशकाने माफी मागितली आणि शूमाकर कुटुंबाला 2 लाख युरो भरपाई मिळाली.

कॉपीराइट. इथे दोन बाजू आहेत आणि लोक दोन्हीत घोळ घालतात. एक, दुसऱ्याची बातमी टूलमध्ये टाकून "रीराइट कर" म्हणणं. तथ्यांवर कुणाची मालकी नसते हे खरं, पण मांडणी, वाक्यरचना हे उचललं तर नुसते शब्द बदलून सुटका होत नाही. आणि तुम्ही काही पेस्ट केलं नसलं तरी टूल स्वतःहून कुणाचा मजकूर ओकेल याची खात्री नाही. न्यूयॉर्क टाइम्सने 2023 च्या डिसेंबरमध्ये ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्टवर जी केस केली त्यात चॅटबॉटने टाइम्सचे लेख जवळपास शब्दाला शब्द ओतल्याचे नमुने जोडले होते. एएनआय या वृत्तसंस्थेनेही 2024 मध्ये दिल्ली हायकोर्टात ओपनएआयला ओढलंय. म्हणून एआयच्या मसुद्यातलं एखादं वाक्य फार झोकदार वाटलं की ते अवतरण चिन्हात टाकून सर्च करा, दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी बाजू, तुम्ही बनवलेल्या गोष्टीची मालकी. अमेरिकेत थेलर नावाच्या माणसाने एआयने काढलेल्या चित्रासाठी कॉपीराइट मागितला होता, त्या केसमध्ये 2025 च्या मार्चमध्ये अपील कोर्टाने स्पष्ट केलं की कॉपीराइटसाठी निर्माता माणूस असावा लागतो. म्हणजे नुसत्या प्रॉम्प्टवर (टूलला लिहून दिलेल्या सूचनेवर) काढलेलं कव्हर उद्या कुणी उचललं तर तिथे तुम्हाला फार काही करता येणार नाही. सगळ्या देशांत नियम सारखे नाहीत, पण जे चित्र आपलं म्हणून विकायचंय किंवा लोगोसारखं वापरायचंय ते माणसाकडूनच काढून घ्या.

फोटोंचं सोपं ठेवा. घडलेल्या घटनेचं एआय चित्र बातमीत लावायचंच नाही, खाली "प्रातिनिधिक" लिहून तर अजिबात नाही, कारण स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा ती ओळ कापलेली असते. धूसर सीसीटीव्ही फोटो एआयने "क्लिअर" करणंही तसंच, टूल चेहरा स्पष्ट करत नाही तर नवा चेहरा बनवतं, आणि तो चेहरा एखाद्या भलत्याच माणसाशी जुळला की संपलं. निवेदकाचा आवाज क्लोन करायचा असेल तर लेखी परवानगी घ्या आणि त्यात कुठे, किती काळ, नोकरी सोडल्यावर काय, हे सगळं लिहा.

आता सोर्स. याबद्दल मी जरा कडक आहे. फुकटच्या चॅटबॉटमध्ये सोर्सचं नाव, पीडितेचं नाव, अल्पवयीन मुलाचा तपशील, न फुटलेली कागदपत्रं टाकायची नाहीत. "मी चॅट डिलीट करतो ना" असं म्हणणाऱ्यांसाठी: त्याच टाइम्सच्या केसमध्ये 2025 च्या मे महिन्यात कोर्टाने ओपनएआयला चॅटचे लॉग जपून ठेवायला लावले होते, युजरने डिलीट केलेले सुद्धा. तो आदेश पुढे उठला, पण काही महिने तरी "डिलीट" ला अर्थ नव्हता. ऑफिसने पैसे भरून घेतलेलं अकाउंट असेल तर करारात तीन गोष्टी बघा, डेटा ट्रेनिंगला वापरणार का, किती दिवस ठेवणार, आणि कॉपीराइटची केस झाली तर कंपनी तुमची बाजू घेणार का. शेवटची गोष्ट बहुतेक फुकट प्लॅनमध्ये नसते.

बाहेरून येणारा मजकूर लोक विसरतात. 2025 च्या मे महिन्यात शिकागो सन-टाइम्समध्ये उन्हाळ्यात वाचायच्या 15 पुस्तकांची यादी आली, त्यातली 10 अस्तित्वातच नव्हती. यादी सिंडिकेटकडून, म्हणजे पेपरांना तयार मजकूर पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेली, लिहिणाऱ्या फ्रीलान्सरने एआय वापरलेलं, पण शिव्या कुणी खाल्ल्या? ज्याचं नाव वर होतं त्याने. फ्रीलान्सरशी करार करताना एक ओळ घाला की एआय वापरलं असेल तर आधी सांगायचं आणि चूक निघाली तर खर्चाची जबाबदारी कुणाची. साइटवर वाचकांसाठी चॅटबॉट ठेवलाय? तोही तुमचाच. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची माहिती दिली तेव्हा कंपनीने चॅटबॉट जणू वेगळा जबाबदार आहे असा बचाव करून पाहिला, 2024 मध्ये लवादाने तो धुडकावला आणि भरपाई द्यायला लावली.

या सगळ्यासाठी डेस्कवर एक साधी शीट ठेवा. तारीख, बातमी, कुठलं टूल, कशासाठी (भाषांतर, सारांश, हेडिंग), मूळ कागद कुठे ठेवलाय, आणि कोणी ताडलं त्याचं नाव. कंटाळवाणं आहे, पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरतात, आमच्याकडे अजून एक जण कुरकुरतो. पण सहा महिन्यांनी नोटीस येते तेव्हा त्या दिवशी कोण ड्युटीवर होतं हेही आठवत नसतं, आणि निष्काळजीपणा केला नाही हे दाखवायला हीच शीट लागते. युरोपियन युनियनच्या 2024 च्या एआय कायद्यातही सार्वजनिक हिताच्या एआय मजकुरावर तसं सांगण्याची अट आहे, पण माणसाने तपासलं असेल आणि संपादकीय जबाबदारी कुणीतरी घेतली असेल तर त्यातून सूट आहे. ते तपासलं हे दाखवणार कशावरून? शीटवरूनच.

आणि नोटीस आलीच तर बातमी गुपचूप उडवू नका. आधी पान, प्रॉम्प्ट, उत्तर, एडिटची हिस्टरी सगळं सेव्ह करा, मग वकिलाला विचारून दुरुस्ती करा आणि काय दुरुस्त केलं ते खाली लिहा. रिपोर्टरने समोरच्याला व्हॉट्सॲपवर परस्पर "सॉरी सर, ते एआयमुळे झालं" असं पाठवायचं नाही, ते कबुलीजबाब म्हणून पुढे येतं. नोटिशीचं उत्तर चॅटबॉटकडून लिहून घ्यायचा मोह होईल, तोही आवरा. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा खोटे निकाल कोर्टात दिले होते, त्यातल्या एकाने चॅटबॉटला "हे खरे आहेत ना?" असं विचारूनही घेतलं होतं, तो हो म्हणाला, आणि 2023 च्या जूनमध्ये त्यांना 5,000 डॉलर दंड झाला.