गाणं पण तुझं, कव्हरचं चित्र पण तुझंच: सोलापुरात बसून दोन्ही कसं करायचं

गाणी करतोस आणि चित्रं पण काढतोस म्हणल्यावर घरचे, मित्र सगळे सांगणार की काय ते एक धर बे. ऐकू नको. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पुढं लंडनला ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन केलं आणि बँडचं चिन्ह त्यानं स्वतःच काढलं, चौघांच्या राशी घेऊन: दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या दोन पऱ्या, वर फिनिक्स.

तर पहिलं म्हणजे गाणं मिक्स होऊन (सगळे आवाज जुळवून) आल्यावर कव्हरचा विचार करायचा ही सवय सोड. डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, लूपवर लाव आणि तेव्हाच स्केच काढायला बस. काय काढायचं? सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं सगळ्यांनीच काढून झालंय, त्यापेक्षा पूर्व भागातली मराठी-तेलुगू पाटी बघ, टॉवेलच्या कारखान्यातले सुताचे कोन बघ. आणि एकदा रंग ठरले की निदान तीन-चार गाण्यांना तेच ठेव, दर वेळी नवीन स्टाइल केली तर लोकांना कळत नाही हा तोच माणूस आहे.

कॅनव्हासवर काढलं असशील तर फोटो नीट घे, इथंच निम्मी कव्हरं वाया जातात. दुपारच्या उन्हात नको, सोलापूरचं ऊन रंग खाऊन टाकतं, ट्यूबलाइटखाली पण नको. सकाळी गच्चीवर सावलीत चित्र भिंतीला सरळ उभं कर, मोबाइल बरोबर चित्राच्या मध्यावर धर, जरा मागं सरकून दोन एक्स झूम लाव कारण जवळून घेतलं की कडा वाकड्या येतात, फ्लॅश बंद. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेव, एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स हलवायचा, मग चित्राचे रंग आपोआप जागेवर येतात.

साइज चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनसाठीचे रंग). वर इन्स्टाचं हँडल, फोन नंबर, क्यूआर कोड टाकलास की डिस्ट्रिब्युटर (तुझं गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी) परत पाठवणार. मग तेच चित्र मोबाइलवर नखाएवढं करून बघ. जकार्डच्या चादरीचं डिझाइन करणारे ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरायचे ना, तसा विचार कर, जो चौकोन लांबून काही सांगत नाही तो काढून टाक. बारीक नाव तर अजिबात नको.

अपलोड रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी. स्पॉटिफायला प्लेलिस्टसाठी पिच करायचं (हे गाणं घ्या म्हणून सुचवायचं) तर निदान सात दिवस आधी गाणं तिथं पोचलेलं लागतं. कव्हरमधलाच एखादा तुकडा हलवून तीन ते आठ सेकंदांचा उभा लूप बनव, तो तिथं गाण्यामागं फिरतो.

पहिला शो छोट्याच खोलीत कर, हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं नाट्यगृह नंतर कधीतरी. भिंतीवर ओरिजिनल चित्रं, मध्ये तू आणि गिटार, दाराशी ए-थ्री प्रिंट. प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढ, आणि झगझगीत निऑन रंग स्क्रीनवर दिसतात तसे कागदावर येत नाहीत, म्हणून फ्लेक्सवाल्याकडं नको जाऊ, चांगल्या कागदावर आधी एकच कॉपी काढून बघ. सही आणि कितवी कॉपी तो नंबर पेन्सिलनं.

आता पैशाचं, हे लक्ष देऊन वाच. गाण्याचे शब्द, चाल, रेकॉर्डिंग आणि कव्हरचं चित्र हे सगळे हक्क वेगवेगळे असतात. कुठलं लेबल (गाणी काढणारी कंपनी) 'सगळं आमच्याकडं' म्हणत असेल तर चित्र त्यातून बाहेर काढायला सांग, त्यांना कव्हरपुरती परवानगी दे, टी-शर्ट आणि प्रिंट विकायचा हक्क तुझ्याकडं ठेव. करारात मुदत आणि प्रदेश लिहून घे, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. शब्द-चाल तुझी असेल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व पण घेऊन टाक, चित्राचं तिथं काही होत नाही, ते तुझं तुलाच सांभाळायचंय.